किलोने आणायचं, मिलीने विकायचं: बाटल्या किती मागवू?

निळाई_पाचपाखाडी

नमस्कार मंडळी. आमच्या बचत गटाचा एक किरकोळ वाटणारा पण डोकं खाणारा प्रश्न आहे.

आम्ही पाचजणी मिळून खोबरेल, ग्लिसरीन, मध आणि हात धुण्याचं लिक्विड छोट्या बाटल्यांत भरून विकतो. माल येतो किलोत. खोबरेलाचा १५ किलोचा डबा, ग्लिसरीनचा २५ किलोचा कॅन, लिक्विडचा ५० किलोचा. बाटल्या मात्र मिलीवर: २०० मिली, १०० मिली. बाटलीवाला शंभराच्या पटीत देतो आणि एकदा दिलेलं परत घेत नाही. खोबरेल भरायला बसलं की बाटल्या संपतात नि डब्यात तेल शिल्लक. ग्लिसरीनचं बरोब्बर उलटं, कॅन रिकामा आणि बाटल्यांची गोणी अर्धी तशीच.

किलोवरून लिटर काढायचा एकच एक आकडा आहे का? की प्रत्येक वस्तूला वेगळा? आणि ज्या लिक्विडवर काहीच लिहिलेलं नसतं त्याचं काय करायचं?

घोडबंदरचा_बंड्या

एक किलो = एक लिटर. आमच्या मातोश्री आयुष्यभर असंच धरत आल्या, घरात कुणी उपाशी राहिलं नाही. पुढचा प्रश्न.

सानपाडा_लोकल

बंड्या, तुझ्या मातोश्रींनी ग्लिसरीनचं कालवण केलं होतं का?

रबाळेकर

निळाईताई, मी ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या रसायनांच्या कारखान्यांत नोकरी करून निवृत्त झालो. हा हिशोब तिथे गेटवरच्या वजनकाट्यापासून सुरू व्हायचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक किलो म्हणजे एक लिटर हे फक्त पाण्याला लागू. बाकी प्रत्येक द्रवाची घनता वेगळी. घनता म्हणजे एका लिटरात किती किलो माल मावतो तो आकडा. वजन हातात असेल आणि लिटर हवे असतील तर वजनाला घनतेने भागायचं. बस्स. आकारमान = वस्तुमान ÷ घनता.

खोबरेल: घनता साधारण ०.९२. १५ ÷ ०.९२ = १६.३ लिटर. २०० मिलीच्या ८१ बाटल्या भरतील. तुम्ही ७५ धरत असाल, म्हणून तेल उरतं.

ग्लिसरीन: शुद्ध असेल तर १.२६. २५ ÷ १.२६ = १९.८ लिटर. १०० मिलीच्या १९८ बाटल्या. २५० धरल्या तर पन्नासेक बाटल्या घरात लोळणारच.

पाण्यापेक्षा हलका माल असेल तर लिटर किलोपेक्षा जास्त भरतात, जड असेल तर कमी. उत्तर आल्यावर एवढं तपासलं तरी उलटा गुणाकार झालाय की काय ते लगेच ध्यानात येतं.

आमच्याकडे ३५ लिटरचे कार्बॉय, म्हणजे रसायनं साठवायचे मोठे कॅन, असायचे. पाण्याने भरला तर ३५ किलो. तोच सांद्र सल्फ्युरिक आम्लाने भरला, घनता १.८४, की ६४ किलो. दिसायला दोन्ही सारखे. नवा माणूस एका हाताने उचलायला वाकला की जुने लोक लांबूनच ओरडायचे.

निळाई_पाचपाखाडी

बापरे, इतकं सोपं! धन्यवाद काका. पण आमच्या ग्लिसरीनच्या कागदावर घनता १२६० लिहिली आहे. माझ्या मुलाने २५ ला १२६० ने भागलं आणि ०.०१९८ लिटर उत्तर काढून दिलं. म्हणजे २५ किलोच्या कॅनमध्ये चार चमचे ग्लिसरीन!

फळा_खडू

मुलाचा भागाकार बरोबर आहे, एकक चुकलंय. वर्गात माझ्यासमोर हेच रोज घडतं.

१२६० हा आकडा किलो प्रति घनमीटर आहे. त्यामुळे उत्तर आलं ते ०.०१९८ घनमीटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, म्हणून १९.८ लिटर. रबाळेकर काकांचंच उत्तर. आकडा हजाराच्या घरात दिसला की किलो प्रति घनमीटर समजा आणि १००० ने भागून घ्या. एकच्या आगेमागे दिसला तर तो ग्रॅम प्रति मिली किंवा किलो प्रति लिटर, दोन्ही एकच. ‘सापेक्ष घनता’ लिहिलं असेल तर तिला एककच नसतं, कारण ती पाण्याच्या तुलनेत काढलेली असते. पण घरगुती हिशोबाला तोच आकडा किलो प्रति लिटर म्हणून खुशाल वापरा.

मुलं सूत्र पाठ करतात, त्रिकोण काढून वर वस्तुमान, खाली घनता आणि आकारमान लिहितात, आणि हवं त्यावर बोट ठेवतात. बोट काढलं की एकक विसरतात. माझं मत विचाराल तर परीक्षेत आकड्याला एक गुण आणि एककाला दोन द्यावेत.

सानपाडा_लोकल

मास्तर, मग आमची अख्खी बॅच नापास झाली असती.

विटाव्याचा_सुपरवायझर

बांधकामावर सगळं आयुष्य याच भागाकारावर चालतं, म्हणून दोन शब्द.

रेती-खडी आपल्याकडे ब्रासवर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. कोरड्या रेतीची घनता १६०० धरली तर ब्रासला साधारण साडेचार टन. गाडी काट्यावर गेली की टनाला १.६ ने भागा, घनमीटर आले. त्याला २.८३ ने भागा, ब्रास आले. गाडीवाल्याशी वाद घालण्यापेक्षा हे बरं.

सिमेंटची गोणी ५० किलो, सुटं सिमेंट १४४० धरतात. ५० ÷ १४४० = ०.०३४७ घनमीटर, म्हणजे ३४.७ लिटर. साइटवर गोणीला सव्वा घनफूट म्हणतात ते इथून आलं.

लोखंडी सळीचं तर सूत्रच आहे. मिलीमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरमागे किलो. १२ ची सळी: १४४ ÷ १६२ = ०.८९ किलो. हा १६२ आकाशातून पडलेला नाही. स्टीलची घनता ७८५० आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ यांचा गुणाकार करून बघा, तिथेच येऊन थांबाल.

मी_नेरुळकरीण

पण दादा, रेतीची घनता मी कुठेतरी २६५० वाचली होती. तुम्ही १६०० म्हणताय. खरं कोणतं?

विटाव्याचा_सुपरवायझर

दोन्ही खरं. २६५० ही रेतीच्या कणाची घनता. १६०० ही ढिगाची, कणांमधली हवा धरून. सिमेंटचंही तेच. कणाची घनता ३१५० आहे. तिने भागलं तर ५० किलो सिमेंट जेमतेम १६ लिटर भरतं, बाकी गोणीत हवा. टब, गोणी, गाडी यांत काय मावेल असा प्रश्न असेल तर ढिगाचा आकडा घ्यायचा. काँक्रीटमध्ये सिमेंट जागा किती खाईल असा प्रश्न असेल तर कणाचा.

आणि ओल्या रेतीपासून सावध. थोडीशी ओली रेती फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून लांब राहतात आणि ढीग २०-२५ टक्क्यांनी मोठा दिसतो. वजनावर घेतली तर पाण्याचे पैसे द्यायचे, मापावर घेतली तर हवेचे. तपासायचं असेल तर काचेची बरणी ओल्या रेतीने भरा, वरून पाणी ओता, रेती पूर्ण बुडू द्या आणि ढवळा. पातळी खाली बसते, किती फुगली होती ते डोळ्यांनी दिसतं. पूर्ण भिजलेली रेती जवळपास कोरडीएवढीच जागा घेते, ही त्यातली गंमत.

घोडबंदरचा_बंड्या

मुंब्र्याच्या रेतीबंदरावर ही बरणी घेऊन कोण जाणार? लोक वेडा समजतील.

पायलीभर

हे वाचून आमच्या गावाकडच्या आजीची आठवण झाली. तिच्याकडे लाकडी पायली, शेर, मापटं, चिपटं सगळं होतं. चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. सगळी मापं आकारमानाची, वजनाची नव्हेच. त्यामुळे तांदळाची पायली आणि पोह्यांची पायली एकाच मापाची, पण डोक्यावर घेतली की फरक मानेला कळायचा. शिवाय शीग लावून मोजायचं की सपाट, यावरून भांडणं. देणारा हात फिरवून सपाट करणार, घेणारा म्हणणार ‘शीग पडू द्या की जरा’. आणि माप भरताना हलवलं, ठोकलं की आणखी मूठभर धान्य मावतं. सुपरवायझर दादांची हवा ती हीच.

मी_नेरुळकरीण

म्हणूनच मी केक करताना मैदा वाटीने घेत नाही, काट्यावर घेते. चाळलेला मैदा आणि डब्यात दाबून बसलेला मैदा, वाटी एकच पण वजनात चांगलाच फरक पडतो. पाकृ विभागात हे लिहिलं तेव्हा मला ‘फाजील शिस्त’ म्हटलं होतं काही जणींनी. नावं घेत नाही. :)

जांभळी_नाका

धागा भरकटतोच आहे तर माझाही एक. सोनं खरं की खोटं हे या घनतेवरून घरी काढता येतं म्हणतात. ते आर्किमिडीजचं मुकुट प्रकरण. करून बघायला हरकत नाही ना?

फळा_खडू

हरकत नाही, पण काटा चांगला हवा. ग्लासात पाणी घेऊन काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. दागिना दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला आणि काठाला टेकू देऊ नका. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके मिली दागिन्याचं आकारमान. मग वजनाला त्याने भागा.

शुद्ध सोन्याची घनता १९.३. चांदीची १०.५. २२ कॅरट साधारण साडेसतरा ते अठराच्या मधे, कशाची भेसळ आहे त्यावर. २० ग्रॅमची २२ कॅरटची बांगडी बुडवली तर काटा १.१ ग्रॅमच्या आसपास दाखवेल. आता स्वयंपाकघरातला काटा एकेक ग्रॅमने सरकतो. म्हणजे तो १ दाखवेल, आणि तुम्ही घनता २० काढून आनंदाने नाचाल. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा असेल तरच या फंदात पडा.

जांभळी_नाका

आणि पोकळ पाटल्या? लाख भरलेली मोहनमाळ?

फळा_खडू

तिथे ही पद्धत बाद. आत लाख किंवा हवा असली की आकारमान सोन्याचं राहत नाही. आणि उलटंही आहे. टंगस्टनची घनता १९.२५, सोन्याच्या इतकी जवळ की टंगस्टनवर सोन्याचा मुलामा असेल तर पाणी काही बोलत नाही. हॉलमार्क बघा आणि तपासायचं तर केंद्रात जा.

सानपाडा_लोकल

बचत गटाच्या हँडवॉशपासून मोहनमाळेपर्यंत! हा धागा आता तलावपाळीला चक्कर मारून परत येईल तर बरं.

कोपरखैरणे_किचन

मी परत आणते. निळाई, खोबरेलाला एकच आकडा कायमचा धरू नकोस. तेल तापलं की फुगतं. वजन तेवढंच राहतं, लिटर वाढतात. तेलाच्या पिशव्यांवरूनच हा वाद झाला होता. काही कंपन्या ६० अंश तापमानाला मोजलेले मिली छापत होत्या. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने सांगितलं की मिलीबरोबर तापमान लिहू नका, सोबत वजन लिहा. त्याच पत्रकात उदाहरण होतं: सोयाबीन तेलाच्या एका लिटरच्या पिशवीवर २१ अंश लिहिलं तर ९१९ ग्रॅम, ६० अंश लिहिलं तर ८९२.६ ग्रॅम. पिशवी एक लिटरचीच, आत सव्वीस ग्रॅम तेल कमी.

मी तेव्हापासून दुकानात मिली बघतच नाही. ग्रॅम बघते आणि किमतीला ग्रॅमने भागते. तुपाचंही तसंच. एक किलोचा डबा आणि एक लिटरचा डबा शेजारी शेजारी ठेवलेले असतात. लिटरवाला स्वस्त दिसतो, पण त्यात तूप ९००-९१० ग्रॅमच.

घोडबंदरचा_बंड्या

म्हणजे मी आजवर तुपात दर लिटरला नव्वद ग्रॅमचा दानधर्म केला.

रबाळेकर

कोपरखैरणेताईंनी मुद्द्याचं सांगितलं. तेल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के फुगतं. ऐकायला कमी वाटतं, पण २०० लिटर तेल सकाळी थंड असताना भरलं आणि दुपारी उन्हात १५ अंशांनी तापलं तर दोन लिटर वाढतं. म्हणून ड्रम कधी गळ्यापर्यंत भरत नाहीत. पेट्रोल पंपावर घनता लिहितात तीसुद्धा १५ अंशांना आणून लिहिलेली असते, नाहीतर सकाळचा आणि दुपारचा आकडा जुळायचाच नाही.

खोबरेलाची आणखी एक खोड. २४-२५ अंशांखाली ते थिजतं. जानेवारीत येऊरच्या बाजूला पहाटे गारठा पडला की डब्यात पांढरं घट्ट होतं आणि आकसतं. त्या दिवसांत मापाने भरू नका. कोमट पाण्यात डबा ठेवून पूर्ण पातळ करा, मगच भरा.

खरं तर मापाने भरूच नका. हिशोब उलटा फिरवा. २०० मिली × ०.९२ = १८४ ग्रॅम. बाटली काट्यावर ठेवा, शून्य करा, १८४ येईपर्यंत ओता. ग्लिसरीन १०० मिली म्हणजे १२६ ग्रॅम. कारखान्यात ड्रमसुद्धा आम्ही काट्यावरच भरायचो, डोळ्याने पातळी बघून नाही.

निळाई_पाचपाखाडी

काका, काट्यावर भरण्याची युक्ती लाख मोलाची. आता हँडवॉशच्या लिक्विडचं सांगते, कारण त्या कॅनवर घनता नव्हतीच आणि विकणाऱ्याला विचारलं तर ‘मॅडम, पाण्यासारखंच आहे’ एवढंच.

फळा_खडू सरांच्या धर्तीवर घरी केलं. रिकामी बाटली १८ ग्रॅम. काठोकाठ पाण्याने भरून २३६. म्हणजे पाणी २१८ ग्रॅम, म्हणजे जवळपास २१८ मिली. तीच बाटली पुसून कोरडी केली, लिक्विडने काठोकाठ भरली, २४१. लिक्विड २२३ ग्रॅम. २२३ ÷ २१८ = १.०२. विकणारा खरंच बोलत होता! ५० किलोचे ४९ लिटर.

पण यात एक नवीनच कळलं. २०० मिलीच्या म्हणून घेतलेल्या बाटलीत काठापर्यंत २१८ मिली मावतं. हे असंच असतं की बाटलीवाल्याची चूक?

रबाळेकर

असंच असतं, आणि तसंच हवं. वरची रिकामी जागा पंपाच्या नळीसाठी आणि फुगण्यासाठी. तुमची पद्धत एकदम बरोबर. प्रयोगशाळेत हेच काम काचेच्या छोट्या बाटलीने करतात, फक्त बूच घट्ट आणि तापमान ठरलेलं असतं.

मी_नेरुळकरीण

हँडवॉशला फेस असतो. घाईने ओतलं की बुडबुडे अडकतात आणि बाटली भरलेली दिसते. मग घनता कमी येणार. निळाईने फेस बसू दिला होता का?

निळाई_पाचपाखाडी

हो, रात्रभर झाकून ठेवलं होतं. ओततानाही बाटली तिरकी धरून कडेने सोडलं.

सानपाडा_लोकल

बिअर ओततात तसं. अनुभवी हात दिसतो.

कोपरखैरणे_किचन

सानपाडा, गप.

तळोजा_पाळी_दुसरी

रात्रपाळीतून लिहितोय, उशिरा आलो. एक गोष्ट कुणी लिहिली नाही. दोन द्रव मिसळणार असाल तर लिटरांची बेरीज करू नका. ५० मिली अल्कोहोल आणि ५० मिली पाणी एकत्र केलं तर १०० होत नाही, ९६-९७ होतं. रेणू एकमेकांच्या मोकळ्या जागेत शिरतात. किलोंची बेरीज मात्र बिनचूक जुळते. म्हणून मिश्रण करताना सगळं किलोत करायचं, शेवटी तयार मिश्रणाची घनता मोजायची आणि मग एकदाच लिटरमध्ये जायचं. दोन घनतांची सरासरी काढून चालत नाही, आमच्या इथे नवे शिकाऊ हमखास तेच करतात.

गॅसचं तर विचारूच नका. दाब आणि तापमान सांगितल्याशिवाय घनमीटरला अर्थ नाही. म्हणून सीएनजी किलोवर विकतात. घरी पाइपाने येणाऱ्या गॅसचं बिल घनमीटरमध्ये असतं, पण ते ‘प्रमाणित’ घनमीटर, म्हणजे ठरावीक दाब-तापमानाचे. सिलिंडरवर १४.२ किलो लिहितात, लिटर नाही. त्या सिलिंडरची पाण्याची क्षमता ३३.३ लिटर असते, पण गॅस द्रवरूपात काठोकाठ भरत नाहीत, वर वाफेला जागा सोडतात.

निळाई_पाचपाखाडी

मधाचं राहिलं. मधाच्या बरण्या बाटलीवाला ‘५०० ग्रॅमची’ म्हणून विकतो, पण पाणी भरून मोजलं तर ३६० च्या आसपास मिली. घ्यायच्या का?

रबाळेकर

घ्या. मधाची घनता १.४ धरा. ५०० ÷ १.४ = ३५७ मिली. बरणीवाल्याने तुमचा भागाकार आधीच करून ठेवलाय. मध ग्रॅमवरच विकतात, लेबलवरही ग्रॅमच छापा. त्याच बरणीत पुढे लोणचं भरणार असाल तर ‘५०० ग्रॅम’ विसरून जा, नव्याने मोजा.

ग्लिसरीनबद्दल एक राहिलं. पाणी मिसळलेलं ग्लिसरीनही त्याच नावाने मिळतं. ८५ टक्क्यांचं असेल तर घनता १.२२ च्या घरात आणि २५ किलोचे साडेवीस लिटर होतात. १९८ बाटल्यांऐवजी दोनशेच्या वर जाल. कागदावर टक्के बघून घ्या. आणि कॅनच्या भिंतीला चिकटून राहतं ते वेगळं. कॅन तिरका करून निथळत ठेवा.

निळाई_पाचपाखाडी

टक्के बघितले, ९९ च्या वर आहेत. मग ऑर्डर अशी: ग्लिसरीनला २००, खोबरेलाला १००, हँडवॉशला ३००. खोबरेलाच्या उरलेल्या हँडवॉशला वापरता येतील, बाटली तीच आहे.

घोडबंदरचा_बंड्या

हँडवॉशला ३०० का? ४९ लिटर म्हणजे २४५ ना?

निळाई_पाचपाखाडी

अरे हो, आणि खोबरेलाच्या १९ उरतातच. २०० मागवल्या तरी २६ कमीच पडणार. त्या सव्वीससाठी आणखी शंभर कशाला घेऊ, तेवढं लिक्विड पाच लिटरच्या कॅनमध्ये सुटं विकते. सोसायटीतल्या दोघी मागतच होत्या.

वाशी_सेक्टर_सतरा

माझा छोटा प्रश्न, नवा धागा नको म्हणून इथेच. घर रंगवायला काढलंय. २० लिटरची रंगाची बादली दुकानातून स्कूटरवर पायाशी ठेवून आणता येईल ना? वीसच किलो तर आहे.

विटाव्याचा_सुपरवायझर

रंगाची घनता पाण्याहून बरीच जास्त. इमल्शन १.३ ते १.५ धरा. २० लिटर म्हणजे २६ ते ३० किलो, वर बादलीचं वजन. पाम बीच रोडला सिग्नलवर ब्रेक मारलात तर ती पुढे सरकेल. रिक्षा करा.